हृदयास विसांवा देणारें औषध

‘रक्तदाब आतां उतरला, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघर ऐकूं येतो. तो विचारणारा मनुष्य अडाणी असतोच असें नाहीं. ताप उतरला कीं काढा थांबवावयाचा, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्याच्या पाठीशीं असतो. परंतु रक्तदाबाचीं व हृदयाचीं औषधें या नियमांत बसत नाहींत; आणि त्यांपैकीं एका वर्गाचें औषध एकाएकीं बंद करणें तर जिवावर बेतूं शकतें. त्या वर्गास ‘बीटा ब्लॉकर’ म्हणतात. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल हीं त्यांतील नांवें आपल्यापैकीं कित्येकांच्या चिठ्ठीवर असतील. मी वैद्य नव्हें, शाळामास्तर आहें. तेव्हां औषध सुचविण्याचा माझा अधिकार नाहीं. डॉक्टरांनीं दिलेलें औषध समजून कसें घ्यावें, एवढेंच सांगावयाचें आहे.

आपलें हृदय मिनिटास सुमारें ७० ठोके देतें, म्हणजे दिवसाकाठीं लाखभर. भय, क्रोध किंवा धांवपळ यांच्या प्रसंगीं अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचा रस रक्तांत मिसळतो व हृदयास ‘वेग वाढीव’ असा हुकूम देतो. हृदयाच्या पेशींवर सूक्ष्म कुलपें आहेत व अ‍ॅड्रिनॅलिन ही त्यांची किल्ली आहे, अशी कल्पना करा. या कुलपांचे ‘आल्फा’ व ‘बीटा’ असे दोन प्रकार असावेत, असें अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनीं १९४८ सालीं मांडलें. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनीं तो धागा पुढें नेला. दुखणाईत हृदयास अधिक प्राणवायु पुरविण्यापेक्षां त्याची प्राणवायूची गरजच कमी करावी, असा त्यांचा विचार होता. बीटा कुलपांत बसेल पण फिरणार नाहीं अशी किल्ली त्यांनीं शोधली, तीच प्रोप्रॅनोलॉल. १९८८ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकांत ब्लॅक यांचा वांटा होता.

ही किल्ली कुलपांत बसली कीं हुकमाचा जोर ओसरतो. ठोके मंदावतात, रक्त लोटण्याचा आवेग कमी होतो व रक्तदाब उतरतो. हृच्छूळ, ठोक्यांची अनियमितता, हृदयविकाराच्या झटक्यानंतरचा काळ आणि हृदयाची कांहीं प्रकारची दुर्बलता यांत या औषधाचा उपयोग होतो. नुसत्या रक्तदाबासाठीं मात्र डॉक्टर पुष्कळदां दुसरीं औषधें आधीं देतात.

आतां मुख्य मुद्दा. कुलपें अडलेलीं पाहून शरीर स्वस्थ बसत नाहीं. तें हळूहळू नवीं कुलपें बसवितें. गोळी चालू असेतों त्याचा त्रास होत नाहीं. पण लग्नाच्या गडबडींत किंवा वारीस निघतांना गोळ्या घरींच राहिल्या आणि दिवस लोटले, तर हीं वाढलेलीं सारीं कुलपें अ‍ॅड्रिनॅलिनला मोकळीं सांपडतात. मग छाती धडधडते, रक्तदाब उसळतो, हृच्छूळ उठतो, क्वचित् झटकाही येतो. उतरलेला रक्तदाब हें गोळीचेंच काम आहे, हें विसरूं नये. ती थांबवावयाचीच झाल्यास डॉक्टर एक-दोन आठवड्यांत मात्रा क्रमाक्रमानें उतरवितात.

कांहीं गोष्टी डॉक्टरांस आधींच सांगाव्या. दमा असेल तर अवश्य सांगावा. कारण श्वासनलिकांवरही अशींच कुलपें असतात व तीं अडल्यास नलिका आकसतात. मधुमेह्याची साखर एकाएकीं खालीं गेली कीं छातींतील धडधड व हातांचा कंप त्यास सावध करतात. या सूचना गोळीमुळें झांकल्या जातात, घाम मात्र येतो. नाडी फार मंद झाली, घेरी आली किंवा धाप वाढली, तरी डॉक्टरांस विलंब न लावतां कळवावें. विसरलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळीं दुप्पट घेऊं नये. दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी चावूं वा कुटूं नये.

शेवटीं एक मास्तरकीची सूचना. औषधाचें नांव, मात्रा व वेळ एका कागदावर लिहून तो खिशांत ठेवावा, आणि घरांतील एका माणसास तरी तो वाचून दाखवावा. परगांवीं आजारी पडल्यास अनोळखी डॉक्टरांस त्यावरून पुष्कळ कळतें.