अडीच फुटी मूर्ती आणि उतरतं छप्पर

हरतालिकेच्या सकाळी पेणमध्ये मूर्तींच्या कारखान्यांच्या गल्लीत तासभर उभं राहिलं, की गाड्यांविषयी जे कळतं ते शोरूममध्ये कळत नाही. मूर्ती महिनाभर आधीच ठरलेली असते, पाटाला नावाची चिठ्ठी असते. बाप्पाच्या तोंडावर रुमाल टाकला जातो, दोघं जण पाट उचलतात, आणि तिथून पुढचा सगळा खेळ गाडीच्या दाराशी असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुढच्या नंबरला एक खरोखर देखणी गाडी होती. मागे उतरत गेलेलं छप्पर, दारात लपलेली हँडलं, घोड्याच्या खुरांसारखी भक्कम चाकं. येणारा-जाणारा वळून बघत होता. मूर्ती अडीच फुटी, शाडूची. ती सरळ आत जाईना, आणि शाडूची मूर्ती तिरकी करायची कुणाची छाती होईना. मुकुट दाराच्या वरच्या चौकटीला टेकायला दोन बोटं उरली, तेव्हा कारखान्यातला पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, दुसरी गाडी बघा." अखेर बाप्पा एका जुन्या, चौकोनी वॅगनआरमधून रवाना झाले. देखणी गाडी मागोमाग, रिकामी.

गाडी घेताना दिसणं बघावं की सोय, हा वाद घरोघरी होतो. दोन्हीचा मेळ घालावा, असं कुणीतरी शहाणं माणूस म्हणतं आणि चहा येतो. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. गाडीचं रूप दिसतं ते बाहेर उभ्या असलेल्यांना. सोय-गैरसोय कळते ती मागच्या सीटवर बसलेल्यांना. आणि पैसे मोजणारा माणूस बसतो पुढे, स्टिअरिंगमागे, जिथून यातलं काहीच धड दिसत नाही. टेस्ट ड्राइव्हला गेलेल्या किती जणांनी पाच मिनिटं मागे बसून पाहिलेलं असतं? मी तरी पहिल्या गाडीच्या वेळी पाहिलं नव्हतं. ठेंगणी, लांबुडकी सेडान घेतली. आईच्या गुडघ्यांनी ती सहा महिन्यांत नापास केली.

कारण साधं आहे. पाटावरून उठणं आणि खुर्चीवरून उठणं यात जो फरक, तोच ठेंगण्या आणि उंच गाडीत. ठेंगण्या गाडीत बसताना अंग खाली सोडावं लागतं आणि उतरताना सगळं वजन गुडघ्यांवर घेऊन वर उचलावं लागतं. सीट जर उभ्या माणसाच्या मांडीच्या उंचीला असेल, तर माणूस नुसता आडवा सरकून बसतो आणि तसाच सरकून उतरतो. नऊवारी असो, गुडघ्यात सांधा बसवलेला असो, कडेवर मूल असो, फरक तिथेच पडतो.

ही उंची आपल्याकडे आली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. १९९८ मध्ये सँट्रो आली, १९९९ च्या शेवटी वॅगनआर. लोकांनी नाकं मुरडली. मारुती आठशे आणि झेनच्या सवयीच्या डोळ्यांना हे खोके वाटले. त्याच काळात पुण्यात इंडिका तयार झाली. तिच्यामागचा विचार तर उघडच होता: बाहेरून झेनएवढी, आतून अँबेसेडरएवढी ऐसपैस, आणि किंमत मारुती आठशेच्या आसपास. म्हणजे हिशेब पहिल्यापासून आतल्या जागेचा. पण टाटांनी तिचं रूप इटलीतल्या तुरीनच्या एका डिझाइन संस्थेबरोबर बेतलं होतं, हेही विसरू नये. नुसत्या सोयीवर गाडी विकली जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्याच कंपनीने दहा वर्षांनी, २००९ मध्ये, नॅनो बाजारात आणली. चार माणसं बसतील, गल्लीबोळात वळेल, दुचाकीवर पावसात भिजणाऱ्या कुटुंबाला छप्पर मिळेल, अशी ती गाडी. जगातली सर्वांत स्वस्त म्हणून तिचा गवगवा झाला आणि तीच तिची अडचण ठरली. शेजाऱ्यांनी 'स्वस्तातली घेतली' म्हणावं, यासाठी कुणी गाडी घेत नाही. शिवाय मागून उघडणारी डिकी तिला मिळाली २०१५ मध्ये, म्हणजे सोयीतही खोट होतीच.

आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बऱ्याच आकारांचं श्रेय मात्र कुठल्याच कलाकाराचं नाही. ते अर्थखात्याचं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. छोटी गाडी म्हणजे कोणती? चार मीटरच्या आत लांबी, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १५०० पर्यंत. झालं, सगळ्या कंपन्या फूटपट्टी घेऊन बसल्या. स्विफ्ट डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा ४१६० मिलिमीटर लांब होती आणि तिच्या डिकीत ४४० लिटर जागा होती. २०१२ मध्ये ती ३९९५ मिलिमीटरची झाली, डिकी ३१६ लिटरवर आली. मागून कुणीतरी कात्रीने छाटल्यासारखी ती दिसायची, आणि लोक हसायचेही. पण किंमत उतरली होती. आजही विमानतळाबाहेरच्या टॅक्सींच्या रांगेत तिची शेपटी मोजून पाहा. चार मीटरची ती रेष अजून कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आत जीएसटी १८ टक्के आहे आणि बाहेर ४० टक्के. गाडीचं रूप म्हणून आपण ज्याच्यावर भाळतो, त्यात कराचा वाटा एवढा मोठा आहे.

आणि आता मला सगळ्यांत मजेदार वाटणारी गोष्ट. २०२४ या वर्षात देशात सर्वाधिक विकली गेलेली गाडी होती टाटांची पंच, सुमारे २ लाख २ हजार. सुमारे चार दशकांत पहिल्यांदाच मारुतीखेरीज दुसऱ्या कुणाची गाडी पहिली आली. वॅगनआर १ लाख ९० हजारांच्या आसपास राहिली. (आर्थिक वर्ष धरलं, तर २०२४-२५ मध्ये वॅगनआरच थोडक्यात पुढे, चुरस एवढी.) बातम्यांत सूर असा होता की लोकांना आता साध्या डब्या गाड्या नकोत, एसयूव्ही हवी. पण दोघींची मापं शेजारी ठेवा. वॅगनआर ३६५५ मिलिमीटर लांब, पंच ३८२७. वॅगनआरची डिकी ३४१ लिटर, पंचची ३६६. उंचीला तर वॅगनआर १६७५ मिलिमीटर आणि पंच १६१५, म्हणजे चौकोनी डबाच सहा सेंटिमीटरने उंच! जमिनीपासूनचं अंतर पंचचं जास्त, सुमारे दोन सेंटिमीटरने. आपल्या सोसायट्यांचे गतिरोधक पाहता तेही काही कमी नाही. पण एकूण घडण एकच: तोकडी लांबी, उंच सीट, सरळ छप्पर. पंचने त्याच सोयीला तालमीतल्या पैलवानाची छाती दिली, दारांखाली काळ्या प्लास्टिकची लंगोट बांधली आणि डोळे बारीक केले.

पंचवीस वर्षांपूर्वी जी उंची ओंगळ वाटत होती, तीच आता रुबाब म्हणून विकत घेतली जाते. सोय तीच, फक्त तिने वेश बदलला. काही वेळा मात्र नुसता वेशच उरतो. बंपरखाली चंदेरी रंगाचं जे असतं आणि ज्याला स्किड प्लेट म्हणतात, ते मूळच्या जंगलात जाणाऱ्या गाड्यांवर इंजिन वाचवणारं लोखंड असे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांवर ते रंगवलेलं प्लास्टिक आहे. छपरावरच्या दोन दांड्यांचंही तसंच. बऱ्याच गाड्यांवर त्या शोभेच्या असतात, आणि मे महिन्यात गावाहून परतताना त्यांना फणसाचं पोतं बांधणाऱ्याला ते उशिरा समजतं. पुढे लावायचे ते जाडजूड लोखंडी गार्ड तर सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बंदच केले. दिसायला दणकट, पण धडकेत एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकवणारे आणि पायी चालणाऱ्याला जास्त जखमी करणारे.

रूपाची किंमत सगळ्यांत जास्त मोजतात ती लहान मुलं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. हल्ली गाडीची कंबर उंच असते. म्हणजे दारातला पत्रा जास्त, काच कमी, आणि मागे जाता जाता ती काच निमुळती होत गेलेली. बाहेरून हे फार देखणं, स्नायू ताणल्यासारखं दिसतं. आता सात वर्षांच्या मुलीला मागे बसवा आणि आंबोलीचा घाट चढा. तिच्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आहे की आपण वळतो आहोत, हेलकावतो आहोत. डोळ्यांसमोर मात्र स्थिर उभं काळं प्लास्टिक. दोघांच्या या भांडणात पोट हरतं. आवळासुपारी, लिंबू, प्लास्टिकची पिशवी हा सगळा सरंजाम त्यासाठीच. जुन्या प्रीमियर पद्मिनीत मुलांना ओकाऱ्या होत नसत असं नाही, पेट्रोलचा वास तर होताच. पण तिच्या काचा मोठ्या होत्या, आणि दरी दिसायची. क्षितिज दिसलं की मेंदूला पटतं.

चाकांचंही थोडं. टायरवर १६५/८० असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर हवेची गादी. १९५/५५ घेतलंत, तर ती १०७ वर येते. मोठं अलॉय चाक, पातळ टायर, ऐट दुप्पट, आणि खड्डा व चाक यांच्यातली उशी अडीच सेंटिमीटरने कमी. खड्ड्याच्या कडेवर टायर चिमटला की भिंतीला फुगा येतो. त्याचं पंक्चर काढता येत नाही, टायर बदलावाच लागतो. मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात जाणाऱ्याला हे मी सांगायला नको.

एवढं सगळं लिहून मी सोयीचा वकील ठरलो असेन, तर थोडं थांबतो. उतरतं छप्पर हे नुसतं नखरेल नाही. हवा मागे नीट सुटते, ओढ कमी होते, आणि विजेच्या गाडीत त्याच बॅटरीवर काही किलोमीटर जास्त मिळतात. पांढरा रंग फॅशन म्हणून नव्हे, ऊन कमी शोषतो म्हणून विदर्भात शहाणपणाचा आहे. शिवाय आवडलेली गाडी माणूस रविवारी स्वतः धुतो, आवाज आला तर लगेच दाखवतो. न आवडलेली गाडी दारात उभी राहून कुढते, आणि तिचं सर्व्हिसिंगही लांबतं.

रूप आणि सोय यांच्या भांडणात जे बाजूला पडतं ते म्हणजे धडक झाल्यावर काय होतं. ते काचेतून दिसत नाही आणि डिकीत मोजता येत नाही. गाड्या धडकवून पाहणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला. पंचला २०२१ मध्ये पाच मिळाले होते, अर्थात तेव्हाची चाचणी आताच्यापेक्षा सोपी होती. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅपही सुरू झाली. तेव्हा मूर्ती आरामात बसली म्हणून घरातली माणसं तितकीच सुरक्षित, असं समीकरण मांडता येत नाही. वॅगनआरची बाजू घेताना मलाही इथे आवाज खाली आणावा लागतो.

गेल्या वर्षी पनवेलच्या आमच्या काकांनी गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा पेणचा तो प्रसंग त्यांच्या डोक्यात होता. ते शोरूममध्ये गेले ते मोजपट्टी आणि घरचा गणपतीचा पाट घेऊन. सोबत मी. टाय लावलेला मुलगा पडद्यावरचे रंगीत दिवे, सनरूफ, चौसष्ट रंगांची आतली रोषणाई दाखवत होता. काका म्हणाले, "अहो, ते राहू द्या. मागचं दार उघडा." पाट सीटवर ठेवला, त्यावरून छपरापर्यंत मोजलं, दाराची चौकट मोजली. मग काकूंना म्हणाले, "बस आणि उतर." काकू तीनदा बसल्या, तीनदा उतरल्या, एकदा पिशवी हातात घेऊन. तिथला मॅनेजरही काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन बघत उभा राहिला. तिसऱ्या गाडीला सगळी मापं जुळली. डिकी पुरेशी, तारे पाच, टायर जाड, किंमत आवाक्यात. काकांनी खिशातून चेकबुक काढलं.

"कुठले रंग आहेत?" काकूंनी विचारलं.

पांढरा आणि करडा तयार होता. लाल हवा असेल तर सात आठवडे.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाट उचलून बगलेत मारला. गाडी दसऱ्याऐवजी दिवाळीनंतर आली, लाल.