घटाच्या चिन्हाची मोजदाद

संपादकांनी सांगितलं होतं गुप्तलिपी फोडण्यावर लिहायला. ती फोडण्याची एक रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली: मूळ भाषेतला साधा मजकूर घ्या, कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, मग गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. कितीतरी दरबारांची खलबतं या मोजणीने उघडी पडली. पण माझं मन अडकलं ते अजून न उलगडलेल्या एका लिपीच्या मोजदादीत.

इरावतम महादेवन हे तामिळनाडूतले सनदी अधिकारी. १९७७ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्यांची सिंधू लिपीची चिन्हसूची छापली. २९०६ लेख, ४१७ चिन्हं आणि ती एकूण १३,३७२ वेळा आलेली. प्रत्येक चिन्ह कुठे येतं, कुणाच्या शेजारी बसतं, ओळीच्या सुरुवातीला की शेवटी, हे सगळं त्यात आहे. अर्थ मात्र एकाही चिन्हापुढे नाही. एवढा संयम मला फार मोठा वाटतो.

सूचीतलं ३४२ क्रमांकाचं चिन्ह बघा. उभट भांडं, काठाशी दोन्हीकडे कानांसारख्या छोट्या रेघा. म्हणून त्याला घट म्हणतात. ते १३९५ वेळा येतं, म्हणजे दर दहा चिन्हांमागे एक. आणि बहुतेकदा येतं ते लेखाच्या शेवटी. लिपी उजवीकडून डावीकडे जाते. काही मुद्रांवर जागा संपत आल्यावर डावीकडची चिन्हं दाटीवाटीने कोरलेली दिसतात. त्या डाव्या टोकाला घट पुन्हा पुन्हा भेटतो. तो प्रत्यय असेल, पदवी असेल, आणखी काही असेल. पण त्याची जागा ठरलेली होती आणि कोरणाऱ्याला ती माहीत होती, एवढं मोजणीने हाती दिलं.

२००९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या निशा यादव, मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सूचीवर पुढचं गणित केलं. एका चिन्हामागून दुसरं येण्यात किती शिस्त आणि किती मोकळीक आहे, ते त्यांनी तपासलं. ते प्रमाण भाषांच्या जवळ जाणारं निघालं. ही लिपीच नव्हे, असं २००४ मध्ये मांडणाऱ्या अभ्यासकांना ते पटलं नाही.

आणि अडचणी इथेच दाटतात. अल-किंदीला भाषा माहीत होती, इथे तीच हरवलेली. द्विभाषिक लेख एकही नाही. सरासरी लेख पाच चिन्हांचाही नाही. पण मला सगळ्यात जास्त छळतो तो वेगळाच प्रश्न: एक चिन्ह म्हणायचं कशाला? आपला ‘र’च घ्या. ‘कर्म’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘सुऱ्या’: देवनागरी न जाणणारा माणूस एकाच ‘र’ची पाच चिन्हं मोजेल आणि त्याचे सगळे आकडे चुकतील. महादेवन यांची ४१७ चिन्हं याच लिपीचे दुसरे अभ्यासक ब्रायन वेल्स यांच्या यादीत सहाशेच्या वर जातात, ती अशाच निवाड्यांमुळे. घटाच्या पोटात दोन रेघा जास्त असल्या तर तो घटच, की दुसरं अक्षर?

महादेवन २०१८ साली गेले. त्यांच्या सूचीत ११२ चिन्हं अशी आहेत, जी एकेकदाच आली आहेत. त्यातली काही ‘ऱ्या’सारखी कुणाची तरी बदललेली रूपं असतील. कोणती, ते एकदाच दिसलेल्या चिन्हावरून ठरवता येत नाही.