आजीच्या उशीतला तेलपकड्या

दोस्ता, तुझ्या घरी आजीची जुनी उशी आहे? सावरीच्या कापसाची? मग चिमूटभर कापूस मागून आण. मागून हं, शिवण उसवून गुपचूप नको! आज आपल्याला पाण्यातून तेल पकडायचंय.

वाटीत पाणी घे. त्यात चमचाभर खोबरेल ओत. आलं ना वर तरंगत! एक लिटर पाणी भरतं एक किलो. तेवढंच खोबरेल भरतं साधारण ९२० ग्रॅम. हलकं, म्हणून वर.

पण हलकं असणं वेगळं आणि न मिसळणं वेगळं! पाण्याचे इवले इवले कण एकमेकांचे हात धरून फुगडी खेळत असतात. तेलाच्या कणांना त्यांचा हात धरताच येत नाही. मग काय, पाण्याचं रिंगण त्यांना बाहेर ठेवतं आणि तेलाचे कण आपले एकमेकांना चिकटून बसतात.

"हात्तिच्या! वरचं तेल चमच्याने काढू की!" काढून बघ बरं. चमच्यात तेल थोडं आणि पाणीच फार!

आता तो कापूस हळूच पाण्यावर ठेव. बुडाला? छे! कोरडाच्या कोरडा. त्याला सरकवत तेलापर्यंत ने. गट्टम! तेल कापसात, पाणी वाटीत.

ही जादू कुठून आली? आपल्या रानात उन्हाळ्याच्या तोंडाशी लालभडक फुलते ना, त्या काटेसावरीकडून! तिच्या कापसाच्या प्रत्येक धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो. मेणाला पाणी नको, तेल मात्र हवं. आणि गंमत म्हणजे धागा आतून पोकळ असतो, शहाळ्यात घालतो त्या नळीसारखा. म्हणून एवढासा कापूस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट तेल पोटात घेतो. सावरीच्या भाऊबंदातल्या एका झाडाचा असाच कापूस पूर्वी बोटीवरच्या लोकांच्या तरंगत्या जाकिटांत भरायचे!

जखमेवर लावायचा कापूस मात्र पाणी गटागटा पितो. का, ओळख पाहू? शेतातल्या बोंडातल्या कापसावरही मेण असतं. कारखान्यात ते धुऊन काढतात. मेण गेलं की कापसाचा हट्टही गेला!

हा हट्ट तू आधीही पाहिला आहेस. आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर उभं राहून कमळाचं पान बघ. थेंब कसे गोट्यांसारखे घरंगळतात! पानावर मेणाचे बारीक बारीक उंचवटे असतात. पाणी त्यांच्या टोकांवरच टेकतं. पण त्याच पानावर तेलाचा थेंब टाकलास तर? पसरतो, सतरंजी अंथरल्यासारखा!

चीनमधल्या लेई जिआंग या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हीच युक्ती उचलली. २००४ साली त्यांनी पोलादी जाळीवर टेफ्लॉनचा खरखरीत लेप दिला. टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं ना, तेच! जाळीवर पाणी ओतलं तर थेंब वरच बसून राहिले. तेल ओतलं तर सर्रकन खाली! चहाची गाळणी पत्ती अडवते. ही गाळणी चक्क पाणी अडवते!

एवढा खटाटोप कशाला? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडलं. दहा टनांचा एक ट्रक धरलास तर ८० ट्रक! चमच्याने कधी काढणार? अशा वेळी आधी तेलाभोवती तरंगता बांध घालतात, धानाच्या बांधीला धुरा असतो तसा. मग तेल खेचून घेतात. उरलेलं टिपायला तेलवेड्या, पाणीद्वेष्ट्या वस्तू लागतात. तुझ्या हातातल्या कापसासारख्या!

अरे हो, तो कापूस वाटीवर धरून पीळ. आलं की नाही तेल परत? पिळलेला कापूस पुन्हा पाण्यावर टाक, राहिलेलं तेलही टिपून घेईल.

फक्त तो परत उशीत भरू नकोस हं. आजीच्या केसांना झोपेतच तेल लागायचं!