रक्तांतील सूक्ष्म दूत: इस्ट्राडायॉल

आमटींत मीठ चिमूटभर कमी पडलें तर ती अळणी लागते, आणि मूठभर पडलें तर ती कोणासच खाववत नाहीं. आपल्या शरीरांतहि असाच प्रमाणाचा हिशेब निरंतर चाललेला असतो. मात्र तेथील चिमूट इतकी लहान असते कीं, ती तोलण्यास साधा तराजू पुरा पडत नाहीं. अशा द्रव्यांपैकीं इस्ट्राडायॉल ह्या एकाची माहिती आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु ज्या गोष्टीविषयीं घरांत मौन असतें, तिच्यापायीं लेकी व माता निष्कारण सोसतात. म्हणून संकोच बाजूस ठेवून आम्ही हें लिहीत आहों.

शरीरांतील कांहीं ग्रंथींचा रस नळीवाटें बाहेर न पडतां थेट रक्तांत मिसळतो. अशा रसांतील कार्यकारी द्रव्यांस १९०५ सालीं अर्नेस्ट स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें 'हॉर्मोन' ही संज्ञा लाविली. मराठींत त्यांस संप्रेरकें म्हणतात. स्त्रीच्या अंडाशयांत इस्ट्रोजेन नांवाच्या वर्गाचीं संप्रेरकें तयार होतात; त्यांत इस्ट्राडायॉल हें सर्वांत प्रभावी होय.

त्याचा शोध मोठ्या चिकाटीनें लागला. १९२३ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी ह्यांनीं हें कार्य ओळखण्याची रीत बसविली. १९२९ सालीं डॉइझी ह्यांनीं अमेरिकेंत व ब्यूटेनांट ह्यांनीं जर्मनींत, गर्भवती स्त्रियांच्या मूत्रांतून ह्याच वर्गाचें इस्ट्रोन हें द्रव्य स्वतंत्रपणें वेगळें केलें. पुढें डॉइझी व त्यांचे सहकारी ह्यांनीं डुकरिणींच्या सुमारें ४ टन अंडाशयांवर प्रक्रिया करून इस्ट्राडायॉल शुद्ध रूपांत मिळविलें. हातीं आलें तें अवघें कांहीं मिलिग्रॅम!

हें आश्चर्य वाटण्याजोगें असलें तरी त्याचें कारण सोपें आहे. तरुण स्त्रीच्या १ मिलिलिटर रक्तद्रवांत मासिक चक्राच्या आरंभीं हें द्रव्य साधारणतः ३० ते ५० पिकोग्रॅम, व मध्याच्या सुमारास २०० ते ४०० पिकोग्रॅम असतें. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लक्ष कोटीवा भाग. विद्यार्थ्यांनीं एकावर बारा शून्यें लिहून पाहावीं. इतक्या अल्प द्रव्याचें काम चालतें कसें? टपालवाला सर्व आळींतून फिरतो, पण पत्र ज्याच्या नांवचें असेल त्याच्याच दारीं थांबतो. तसेंच हें द्रव्य रक्ताबरोबर सर्वत्र फिरतें. पण ज्या पेशींत त्यास धरणारें 'ग्राहक' नांवाचें प्रथिन असेल, तेथेंच त्याचा निरोप पोहोंचतो. मग तें प्रथिन पेशीच्या केंद्रकांतील विवक्षित जनुकांस कामास लावितें.

मुलगी सुमारें ८ ते १३ वर्षांची झाली म्हणजे मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या इशाऱ्यानें अंडाशय हें द्रव्य अधिक प्रमाणांत करूं लागतात. त्यायोगें स्तनांची वाढ होते, कटिभाग रुंदावतो व उंची भराभर वाढते. पुढें दर महिन्यास तें गर्भाशयाचें अस्तर जाड करितें. आणि त्याचें प्रमाण शिगेस पोहोंचलें म्हणजे पीयूषिका ग्रंथीस इशारा मिळून अंडें बाहेर पडतें. गर्भ न राहिल्यास तें अस्तर गळून जातें, तीच पाळी. तिला विटाळ मानणाऱ्यांनीं हा सगळा क्रम एकवार समजून घ्यावा.

तथापि हें द्रव्य केवळ स्त्रियांचें आहे असें नव्हे. पुरुषाच्या शरीरांत टेस्टोस्टेरॉन ह्या संप्रेरकापासूनच थोडें इस्ट्राडायॉल तयार होतें. १९९४ सालीं अमेरिकेंतील वैद्यांनीं २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरांत इस्ट्राडायॉल होतें. पण ग्राहक बिघडलेला असल्यामुळें त्याचा निरोप कोणीच घेत नव्हतें. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती व ती अद्यापि वाढतच होती. हाडें मात्र ठिसूळ झालीं होतीं. हाडांची वाढ वेळीं थांबविणें व तीं भक्कम राखणें, हें काम मुलग्यांतहि ह्याच द्रव्याकडे असतें, हें त्यावरून सिद्ध झालें.

हाड हें दगडासारखें स्थिर नसतें. कांहीं पेशी जुनें हाड पोखरतात, कांहीं नवें रचतात. इस्ट्राडायॉल पोखरणाऱ्या पेशींस आवर घालतें. पन्नाशीच्या आसपास रजोनिवृत्ति झाली म्हणजे हा आवर सुटतो व हाडें वेगानें झिजूं लागतात. मग न्हाणीघरांत पाय घसरण्याचें निमित्त होतें, आणि मनगट किंवा खुबा मोडतो. एकाएकीं अंगाची लाही होणें, रात्रीं घामानें झोप मोडणें, हे त्रासहि ह्याच वेळचे. आई चिडचिड करिते असें म्हणणाऱ्या मुलांनीं, ती कित्येक रात्री नीट झोंपली नसेल, हें ध्यानांत घ्यावें.

अशा वेळीं वैद्य इस्ट्राडायॉल हेंच औषध म्हणून देतात: गोळीच्या, त्वचेवर चिकटविण्याच्या पट्टीच्या अथवा मलमाच्या रूपानें. अंडाशय अकालीं काढावे लागले अथवा निकामी झाले, तर त्याची गरज विशेष असते. सुमारें दोन ते अडीच हजार मुलींत एक जन्मतः टर्नर नांवाच्या विकाराची असते. तिचीं अंडाशयें बहुधा काम करीत नाहींत. तिला ११–१२ व्या वर्षापासून अत्यल्प मात्रा देऊन ती दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवितात, आणि तिचीहि वाढ इतर मुलींप्रमाणें होते. उलटपक्षीं, स्तनाच्या ज्या कर्करोगास हें द्रव्य पोसतें, त्यांत त्याचें कार्य रोखणारीं औषधें द्यावीं लागतात.

प्रमाण चुकल्यास काय होतें, हेंहि अनुभवानें कळलें आहे. इस्ट्रोजेन एकटेंच दीर्घकाळ दिल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बळावतो, असें १९७५ सालीं दिसून आलें. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीस जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखें दुसरें औषध देतात. २००२ सालीं अमेरिकेंत १६,६०८ स्त्रियांवरील एक मोठी चांचणी मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आली; तींत घोडीच्या मूत्रांतील इस्ट्रोजेनें व एक जोडऔषध देत असत, आणि स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण वाढलेलें आढळलें. त्या भीतीनें पुष्कळ स्त्रियांनीं उपचारच सोडले. पुढील विचारान्तीं असें ठरलें कीं, साठ वर्षांच्या आंतील निरोगी स्त्रीस त्रास फार असेल, तर लाभ बहुधा हानीहून अधिक असतो. परंतु जिला स्तनाचा कर्करोग झाला आहे, रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत, किंवा जिचें यकृत बिघडलें आहे, तिला सामान्यतः हें औषध देत नाहींत.

शेवटीं पालकांस आमची विनंति आहे. मुलगी १३ वर्षांची होऊनहि वाढीचें कांहींच चिन्ह नसेल, अथवा १५ वर्षांपर्यंत पाळी आली नसेल, तर गंडेदोरे करीत अथवा लग्नापर्यंत झांकून ठेवीत बसूं नये; तिला डॉक्टरांकडे न्यावें. घरांतील वडील बायांनींहि आपला त्रास सांगावा, आणि शेजारणीस लागू पडलेली गोळी आपण होऊन घेऊं नये. हा लेख वाचून एखाद्या घरीं हें बोलणें मोकळेपणानें झालें, तर आमचे श्रम कारणीं लागले असें आम्ही समजूं.