नफा मालकाचा, तोटा कोणाचा? हैदराबाद मेट्रोचे उदाहरण

एखादा मोठा उद्योग किंवा लोकोपयोगी सेवा अडचणीत आली की शासनाने मदतीस धावावे, अशी मागणी होते. सेवा बंद पडल्यास जनतेची गैरसोय होते, कामगारांची रोजी जाते आणि बँकांची कर्जे थकतात. म्हणून मदत पुष्कळदा अपरिहार्य ठरते. परंतु करदात्यांच्या पैशातून दिलेल्या या मदतीचा लाभ खाजगी मालकासही मिळावा काय, हा प्रश्न निराळा आहे. हैदराबाद येथील मेट्रो रेल्वेच्या उदाहरणावरून तो समजून घेता येईल.

प्रकल्पाची वाटचाल

हा प्रकल्प प्रथम २००८ मध्ये मेटास या उद्योगसमूहाकडे गेला. अनुदान तर नकोच, उलट शासनालाच ३०,३११ कोटी रुपये देऊ, असा देकार त्या समूहाने दिला होता. तो करार २००९ मध्ये रद्द झाला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीशी नवा करार झाला. केंद्र शासनाने १,४५८ कोटी रुपयांचे अनुदान मंजूर केले. उरलेला खर्च कंपनीने भागभांडवल व कर्ज यांतून करावा आणि तिकिटे, जाहिराती व स्थानकांलगतच्या जागा यांचे उत्पन्न घ्यावे, असे ठरले.

२८ नोव्हेंबर २०१७ रोजी मेट्रोचे उद्घाटन झाले. पहिला टप्पा ६९ किलोमीटरचा आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे गाड्या काही महिने बंद राहिल्या, आणि व्याजाचा बोजा वाढत गेला. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये तेलंगणा शासन व कंपनी यांच्यात तत्त्वतः सहमती झाली. सुमारे १३,००० कोटी रुपयांचे कर्ज राज्याने स्वीकारावे आणि भागभांडवलापोटी कंपनीस सुमारे २,००० कोटी रुपये द्यावेत, असे ठरले. कंपनीची मागणी सुमारे ५,९०० कोटी रुपयांची होती.

कर्ज आणि भागभांडवल

कर्ज देणाऱ्यास ठरलेले व्याजच मिळते. भागधारकाच्या नफ्यास मात्र मर्यादा नसते. धंदा भरभराटीस आला असता, तर तो नफा करदात्यांत वाटला गेला नसता. म्हणूनच तोट्याचा पहिला भार भागधारकाने उचलावा, हे न्यायाला धरून आहे. अमेरिकेत २००९ मध्ये जनरल मोटर्स कंपनी सरकारी पैशाने वाचविण्यात आली, तेव्हा जुन्या भागधारकांचे भाग मूल्यहीन झाले आणि नव्या कंपनीचे सुमारे ६० टक्के भाग सरकारकडे आले. कारखाने वाचले, जुनी मालकी वाचली नाही.

दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. साथीची आपत्ती कंपनीने ओढवून घेतलेली नव्हती. शिवाय उभे मार्ग, स्थानके व धावत्या गाड्या ही खरी मालमत्ता आहे. तिचे योग्य मोल देणे ही खरेदी होय. मोलापेक्षा अधिक देणे म्हणजे मालकाचा तोटा जनतेने भरून देणे होय.

हा फरक ओळखण्यासाठी मालमत्तेचे मूल्यांकन तटस्थ तज्ज्ञांकडून व्हावे, ते लोकांपुढे मांडले जावे आणि पुढे होणाऱ्या लाभात जनतेचा वाटा निश्चित व्हावा. ज्याच्या पैशाने सेवा तरली, त्या करदात्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे.