धरती-सागराची ऊर्जा (भाग ७) : खोल पाण्याची थंडी

उष्ण कटिबंधातल्या समुद्राचे वरचे पाणी वर्षभर २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हजार मीटर खाली तेच पाणी दहा अंशांहूनही थंड असते. या फरकावर यंत्र चालवता येईल, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ द'आर्सोन्व्हाल यांनी १८८१ मध्ये मांडली. त्यांचे शिष्य जॉर्ज क्लोद यांनी १९३० मध्ये क्यूबाच्या मातान्झास उपसागरात २२ किलोवॉट वीज निर्माण करून ती खरीही करून दाखवली. त्याला नव्वदहून अधिक वर्षे झाली, तरी या तत्त्वावरचे एकही मोठे व्यापारी वीजकेंद्र जगात उभे राहिलेले नाही. म्हणून हा स्रोत कुचकामी ठरवला जातो. मला तो निकाल मान्य नाही. समुद्राकडे आपण वीज मागत राहिलो. गोडे पाणी आणि थंडावा मात्र तो कितीतरी सहज देतो.

विजेच्या बाबतीत समुद्राचे हात उष्मागतिकीच्या नियमाने बांधलेले आहेत. तापमानातला फरक वीस-बावीस अंशांचा असला, तर सर्वांत निर्दोष यंत्रसुद्धा उष्णतेपैकी सात-आठ टक्केच कामी लावू शकते. प्रत्यक्षात हाती लागतात तीनेक टक्के. शिवाय खोलातले पाणी वर खेचायला पंप लागतात. हवाईजवळ १९७९ मध्ये तरंगत्या केंद्राने सुमारे ५० किलोवॉट वीज निर्माण केली, पण तिचा बराचसा भाग त्याच्याच पंपांनी खाल्ला. भारतानेही तुतिकोरीनजवळ एक मेगावॉटचे तरंगते केंद्र उभारायचा प्रयत्न केला. सुमारे किलोमीटरभर लांबीचा नळ समुद्रात सोडतानाच तो फसला.

त्यानंतर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने जो रस्ता धरला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर २००५ मध्ये रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प सुरू झाला. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती बेटांवरही तसेच प्रकल्प आले. प्रवाळबेट असल्याने इथे किनाऱ्यापासून काहीशे मीटरवरच समुद्र एकदम खोल होतो. साडेतीनशे मीटर खोलीवरून बारा-तेरा अंशांचे पाणी वर येते. निर्वात केलेल्या टाकीत वरचे कोमट पाणी सोडले की दाब कमी असल्यामुळे त्यातले थोडे पाणी आपोआप वाफ होते, आणि ती वाफ थंड नळ्यांवर पुन्हा द्रवरूप होते. तेच पिण्याचे पाणी. शंभर लिटरमागे जेमतेम लिटरभर पाण्याची वाफ होते, म्हणून परत जाणारे पाणी किंचितच अधिक खारट असते. एक लाख लिटर पाण्याच्या वाफेला लागणारी उष्णता विजेच्या हिशेबात रोज सुमारे ६८,००० युनिट भरते. ती सगळी समुद्र देतो, इंधन न जाळता. कवरत्तीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अकरा हजारांच्या घरात होती. माणशी नऊ लिटर पिण्याचे पाणी म्हणजे भूजलाचा थर अगदी पातळ असलेल्या बेटावर मोठाच आधार.

यावरचा सर्वांत बिनतोड आक्षेप असा की, वाफेच्या उष्णतेचा असा हिशेब मांडून पाणी उकळण्याशी तुलना करणेच चुकीचे. आजचा प्रतिस्पर्धी आहे पडद्यातून दाबाने पाणी गाळणारे 'रिव्हर्स ऑस्मोसिस', आणि समुद्राचे हजार लिटर पाणी गोडे करायला त्याला तीन-चार युनिट वीज पुरते. पंपांच्या विजेचा नुसता हिशेब केला तर कवरत्तीची पद्धत मागे पडते, आणि ती वीज आजवर डिझेलची होती, हेही खरे. पण पडदे बदलावे लागतात, रसायने मुख्य भूमीवरून जहाजाने आणावी लागतात आणि उरलेले तीव्र खारे पाणी प्रवाळांच्या उथळ खाजणातच सोडावे लागण्याचा धोका असतो. त्यामुळे चेन्नईसारख्या शहरात मी पडद्यांचीच बाजू घेईन, लक्षद्वीपमध्ये नाही. डिझेलवरचे अवलंबित्व सुटावे म्हणून कवरत्तीतच समुद्राच्या उष्णतेवर पंपांपुरती वीज निर्माण करणाऱ्या ६५ किलोवॉटच्या केंद्राचे काम हाती घेतले गेले. तिथे विजेची भूमिका पाण्याला मदत करण्याची आहे, आणि क्रम असाच हवा.

थंडाव्याचा हिशेब तर याहून सरळ आहे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या बोरा बोरा बेटावर २००६ पासून एक हॉटेल ९०० मीटरहून अधिक खोलीवरचे पाच अंशांचे पाणी आणून खोल्या गार ठेवते. वातानुकूलनाच्या विजेतली सुमारे ९० टक्के वाचते. थंडीचे रूपांतर दुसऱ्या कशात करायचेच नसल्याने तीन टक्क्यांची अट इथे आड येत नाही.

हे मुंबईत होणार नाही. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन इतकी रुंद आहे की दीडशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या बॉम्बे हायवरही समुद्राची खोली शंभर मीटरच्या आतच आहे. थंड पाणी त्याच्याही पलीकडे. लक्षद्वीप आणि अंदमानला मात्र ते दाराशी आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला, पण वीज कंपन्यांवरचे अक्षय ऊर्जाखरेदीचे बंधन विजेच्या युनिटांत मोजले जाते. गोड्या पाण्यासाठी वा थंडाव्यासाठी वापरलेल्या समुद्राच्या उष्णतेची त्यात नोंद होत नाही. वाचलेले डिझेल आणि वाचलेली वीज याच खात्यात धरली, तर बेटांवरचे हे छोटे प्रकल्प निधीसाठी मोठ्या वीजकेंद्रांच्या रांगेत मागे पडणार नाहीत.