हरवलेल्यांचा खुर्दा

पानिपतचा पराभव १७६१ सालीं दक्षिणेंत कळला तो एका सांकेतिक पत्रानें. त्यांत मोत्यांची गणती होती, मोहरांचीही होती. रुपये-खुर्दा मात्र अगणित म्हणून सोडून दिला होता. त्या मोत्यांपैकीं एक सदाशिवरावभाऊ. पार्वतीबाईंनीं त्यांचें मरण मानलें नाहीं, कुंकू राखलें, हें आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. पुढें भाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हां त्याची ओळख पटविण्यासाठीं चौकशा झाल्या आणि १७७६ सालीं त्यास देहदंड मिळाला. खुर्द्यांतील एखाद्या शिपायाची बायको उंबऱ्यांत किती वर्षें बसून राहिली, हें कोणीं लिहून ठेवलें?

हरवलेल्या माणसांविषयीं आमचा कळवळा आजही ह्याच तराजूनें तोलला जातो. चांगल्या घरची मुलगी नाहींशी झाली कीं वर्तमानपत्रें स्तंभच्या स्तंभ देतात आणि चहाच्या वेळीं आम्हीही तेंच वाचतों. अमेरिकेंत ग्वेन आयफिल ह्या कृष्णवर्णीय पत्रकार विदुषीनें २००४ सालीं ह्या गोऱ्या मुलींच्या वेडाला नांवच ठेवलें. आमच्याकडे वर्णाऐवजीं घर, आडनांव आणि छायाचित्र पाहिलें जातें. दिल्लीजवळच्या निठारींत मजुरांचीं मुलें एकामागून एक नाहींशीं होत होतीं, आईबाप पोलिसांकडे खेटे घालीत होते. देशाचें लक्ष तिकडे गेलें तें डिसेंबर २००६ मध्यें गटारांत हाडें सांपडल्यावर.

वऱ्हाडांतील गोष्ट घ्या. मेळघाटांतील अनेक कोरकू कुटुंबें दिवाळीनंतर कामासाठीं अमरावती-अकोल्याकडे उतरतात आणि होळीला परततात. त्यांच्यापैकीं कोणाचें मूल अकोल्याच्या बाजारांत चुकलें, तर बापाची भाषा कोरकू, मराठी मोडकी, खिशांत छायाचित्र नाहीं. लेकराचा रंग कोणता, उंची किती, ह्या प्रश्नांना तो हात जमिनीपासून वर धरून उत्तर देणार! कायदा त्याच्या बाजूचा आहे. अल्पवयीन मूल बेपत्ता झाल्यास त्यास पळवून नेलें असें गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं सांगितलें. आणि जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेप्रमाणें गुन्हा कोणत्याही ठाण्यांत नोंदवितां येतो. पण हें त्या बापास कोणीं सांगावें?

ज्यांना शोधावयास कोणी येतच नाहीं, अशांचें घर पाहावयाचें तर परतवाड्याजवळ वझ्झरला जावें. शंकरबाबा पापळकर तेथें अंबादासपंत वैद्य ह्यांच्या नांवाचें बालगृह चालवितात. रेल्वे-स्थानकांवर, बस-स्थानकांवर टाकून दिलेलीं अंध, मूकबधिर, मतिमंद मुलें पोलिस तेथें पोंचवितात. बाप म्हणून बाबा आपलें नांव लावतात. अठरा वर्षांनंतर अशा मुलांना बालगृहांतून बाहेर काढण्याचा नियम त्यांस मान्य नाहीं. कोणता बाप मतिमंद मुलास अठराव्या वर्षीं दाराबाहेर काढतो? २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीं त्यांची एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. दोन दशकांपूर्वीं ती जळगांव स्थानकावर कचराकुंडींत सांपडली होती. पोलिसांनीं शोधूनही तिचे आईबाप मिळाले नव्हते. परीक्षेची बातमी आम्हीं कौतुकानें वाचली. कुंडींतल्या त्या मुलीची वाचल्याचें आठवत नाहीं.

आमच्याच ओसरीवर घरकामाच्या बायांचीं मुलें दिवसभर खेळतात. आमच्या नातवंडांचीं छायाचित्रें शेकड्यांनीं. ह्या मुलांचें एकही नाहीं, हें हा लेख लिहितांना ध्यानांत आलें. घरांतील मुलींनीं गेल्या आठवड्यांत त्या चौघांचीं छायाचित्रें काढलीं, छापून आणलीं, मागें नांव व वय लिहून त्यांच्या आयांच्या हातीं दिलीं. एकीनें तें देव्हाऱ्यांत ठेवलें आहे, असें कळतें.